वृद्धसेवा संस्थेतील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्रे आणि घरी जाऊन रुग्णसेवा देणाऱ्या संस्था यांच्या चालकांकडून, पर्यवेक्षकांकडून, प्रत्यक्ष काम करणाऱ्या मावशी-मामांकडून आणि अधूनमधून नातेवाइकांकडूनही प्रशिक्षणाविषयी काही प्रश्न सतत येत असतात. त्यांची उत्तरे महाराष्ट्रातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका विषयाचा दुसऱ्याशी संबंध येतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे करायची सवय बायकांना असतेच. मग काळजीवाहकांना वेगळे प्रशिक्षण कशासाठी?

सवय असते आणि ती उपयोगीही पडते, पण घरगुती सवयींपैकी काही थेट अपायकारक असतात. अर्धांगवायू झालेल्या माणसाला काखेत हात घालून उचलल्यास लुळ्या बाजूचा खांदा निखळू शकतो. आडव्या पडलेल्या माणसाला चमच्याने पाणी पाजल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. माकडहाडावर लाली दिसली की तेल लावून चोळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दाबाने आधीच दुखावलेली त्वचा त्या चोळण्याने आणखी बिघडते. हे सारे मायेपोटीच केले जाते, म्हणून नुसते ‘काळजीपूर्वक काम करा’ असे सांगून ते थांबत नाही.

शिवाय घरी सून सासऱ्यांना वर्षानुवर्षे ओळखत असते. संस्थेत मावशींना कालच दाखल झालेल्या आजोबांविषयी फाइलमध्ये लिहिले आहे तेवढेच माहीत असते, आणि त्याच पाळीत इतर अनेकांचेही करायचे असते. स्वतः काम करणाऱ्यांची कंबर आणि पाठ हा तिसरा मुद्दा. चुकीच्या पद्धतीने उचलून उचलून पाठ कायमची धरलेल्या मावशी या क्षेत्रात जागोजागी भेटतात.

२. सिस्टर, ब्रदर, अटेंडंट, जीडीए, मावशी यांत नेमका फरक काय? सगळ्यांना एकच प्रशिक्षण चालेल का?

चालणार नाही. परिचारिका म्हणजे एएनएम (२ वर्षे), जीएनएम (३ वर्षे) किंवा बी.एस्सी. नर्सिंग (४ वर्षे) हा अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली व्यक्ती. जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट. हा आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेने ठरवलेला कमी मुदतीचा कौशल्य अभ्यासक्रम आहे. अटेंडंट, आया, मावशी, मामा ही कामाची प्रचलित नावे असून त्यांच्यामागे ठरावीक पात्रता असेलच असे नाही. गणवेश घातलेल्या प्रत्येकीला नातेवाईक ‘सिस्टर’ म्हणतात आणि संस्थाही ते खपवून घेतात. यातून पुढे काय गुंता होतो, ते प्रश्न १६ मध्ये पाहावे.

स्वच्छता, उचलणे-बसवणे, भरवणे, संसर्ग टाळणे, आग लागल्यास काय करायचे आणि रहिवाशांशी कसे बोलायचे, एवढे स्वयंपाकघरातील व सफाईच्या माणसांसह सर्वांना शिकवावे. औषधे, इंजेक्शन, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी) घालणे, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणे, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणे) हे परिचारिकांचे काम असल्यामुळे त्याची उजळणी त्यांच्यापुरतीच ठेवावी.

३. नव्या माणसाला किती दिवस शिकवून मग एकट्याने ड्युटी द्यावी?

दिवस मोजण्यापेक्षा कामे मोजणे बरे. ठरलेली मूलभूत कामे खाटेपाशी, दुसऱ्याच्या देखरेखीखाली, योग्य रीतीने करून दाखवली की त्या कामापुरती ती व्यक्ती मोकळी, असा नियम ठेवावा. कोणी आठवड्यात तयार होईल, कोणाला महिना लागेल. तरीही एक किमान बंधन हवेच : पहिल्या महिन्यात एकट्याने रात्रपाळी नको. रात्री माणसे कमी असतात, विचारायला कोणी जवळ नसते आणि पडण्याचे प्रसंग हटकून संडासला उठताना घडतात.

पहिल्या दिवशी फार शिकवू नये. बाहेर पडण्याचे दोन्ही मार्ग, ऑक्सिजन सिलिंडर आणि त्याची चावी कोठे असते, अडचणीत कोणाला हाक मारायची, आणि हात धुणे, इतके पुरे. हात धुण्याची पायरी मात्र घाईत उरकू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद आणि निर्जंतुक द्रव चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. घड्याळ लावून पाहिले की बहुतेकांचे धुणे त्याच्या किती अलीकडे थांबते, हे त्यांचे त्यांनाच दिसते.

पुढच्या दिवसांत नव्या माणसाला एकाच अनुभवी व्यक्तीबरोबर जोडावे. रोज वेगळ्या मावशींबरोबर पाठवले, तर तो पाच पद्धती पाहतो आणि त्यांतली सर्वांत सोपी उचलतो. पाळी बदलताना होणारे हँडओव्हर त्याने पहिल्या आठवड्यापासून ऐकावे आणि दुसऱ्या आठवड्यापासून स्वतः द्यावे. कोण कमी जेवले, कोणाला लघवी झाली नाही, कोण आज गप्प आहे, हे सांगता येणे हेही शिकण्याचेच काम आहे.

४. आम्ही दर महिन्याला व्याख्यान ठेवतो, सह्या घेतो. तरी कामात फरक दिसत नाही. माणूस शिकला हे ओळखायचे कसे?

हजेरीपटावरील सही एवढेच सांगते की तो माणूस त्या वेळी त्या खोलीत बसला होता. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडले, ते आजही वापरात आहेत : कार्यक्रम आवडला का, त्यातून काही समजले का, प्रत्यक्ष वागणुकीत फरक पडला का, आणि त्याचा संस्थेच्या कामावर परिणाम झाला का. आपल्याकडील बहुतेक संस्था पहिल्या टप्प्यावर, म्हणजे ‘छान झाले’ या अभिप्रायावर, थांबतात. वृद्धसेवेत तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो तपासण्यासाठी खाटेपाशीच जावे लागते.

उदाहरणार्थ, अर्धांगवायू झालेल्या आजोबांना खाटेवरून व्हीलचेअरवर घेण्याचे काम घ्या. पर्यवेक्षकाने काही न बोलता बाजूला उभे राहून पाहावे. खुर्ची धडधाकट बाजूला आणि खाटेला जराशी तिरकी लावली का? दोन्ही ब्रेक लावले का? पाय ठेवण्याच्या पट्ट्या दुमडल्या का? ‘आजोबा, आता आपण उठणार आहोत’ असे सांगितले का? एकदम उभे न करता आधी खाटेच्या कडेला बसवून चक्कर येते का, हे विचारले का? स्वतः कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकली का? लुळा हात ओढला तर गेला नाही ना? या सात गोष्टी पाहायला फार वेळ लागत नाही. चुकले तर तेथल्या तेथे, पण रहिवाशांसमोर पाणउतारा न करता, खोलीबाहेर आल्यावर सांगावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.

चौथ्या टप्प्यासाठी नवे बेडसोर (एकाच स्थितीत पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमा), पडण्याचे प्रसंग आणि घास अडकण्याचे प्रसंग यांची महिन्यागणिक नोंद पुरेशी आहे. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चांगल्या प्रशिक्षणानंतर पहिल्या काही महिन्यांत हे आकडे कधी कधी वाढतात, कारण पूर्वी लपवले जाणारे प्रसंग लोक सांगू लागतात. अशा वेळी आकडे वाढले म्हणून रागावणारा चालक पुढच्या महिन्यात कोरी वही मिळवतो.

५. कायद्याने कोणते प्रशिक्षण सक्तीचे आहे?

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना नोकरीच्या सुरुवातीला आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यावे लागते. सुया, ड्रेसिंग आणि कॅथेटर वापरणारी संस्था ‘आम्ही काही रुग्णालय नाही’ असे म्हणून यातून सुटू शकत नाही. शिकवताना रंगांचा तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा आपल्या संस्थेत रोज निघणाऱ्या वस्तू टेबलावर मांडाव्यात : रक्त-पू लागलेले ड्रेसिंग पिवळ्यात, युरिन बॅग आणि नळ्या लाल पिशवीत, सुई पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, औषधाची फुटलेली काचेची बाटली निळ्यात. याच नियमांनुसार कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लसही द्यायची असते.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती आवश्यक आहे. त्याहून लहान संस्थेतील महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जागृती कार्यक्रम आणि समिती सदस्यांसाठी वेगळे मार्गदर्शन ही मालकाची जबाबदारी आहे. (रहिवाशाकडून त्रास होत असेल, तर प्रश्न १७ पाहावा.)

नोंदणीकृत परिचारिकांना नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर परिचर्या शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. त्या कार्यक्रमांना जाण्यासाठी संस्थेने सुट्टी नाकारू नये.

६. आमच्या काही मावशींना लिहिता-वाचता जेमतेम येते आणि काही मुली झारखंड-ओडिशातून आलेल्या आहेत. त्यांना कसे शिकवायचे?

अक्षर कच्चे असलेली माणसे हाताने करून फार चांगले शिकतात. अडचण होते ती लेखी परीक्षेमुळे आणि भरगच्च छापील फॉर्ममुळे. कूस बदलल्याची नोंद घड्याळाच्या चित्रावर खूण करून घेता येते. किती खाल्ले, हे पूर्ण, अर्ध्या आणि रिकाम्या ताटाच्या चित्रावर दाखवता येते.

बाहेरून आलेल्या मुलींना हिंदीत शिकवून भागते असे वाटते, पण दुखणे सांगताना आजी हिंदी बोलत नाहीत. ठणकतंय, कळ येते, जळजळतंय, गरगरतंय, मळमळतंय, घाबरं होतंय, हे शब्द त्या मुलींना पहिल्याच आठवड्यात ओळखता आले पाहिजेत. ‘घाबरं होतंय’ ऐकल्यावर ‘डरो मत’ असे म्हणून निघून जाणे धोक्याचे आहे, कारण अनेक वृद्ध छातीतील त्रास याच शब्दांत सांगतात.

७. प्रशिक्षण कोणत्या वेळी ठेवावे? रात्रपाळीची माणसे येतच नाहीत.

बारा तास उभे राहून आलेल्या माणसाला सकाळी आणखी दोन तास बसवले, तर तो झोपेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. पाळी बदलताना पंधरा-वीस मिनिटांचा एकच विषय घ्यावा आणि तो दोन्ही पाळ्यांसाठी वेगवेगळा घ्यावा. त्यासाठी पर्यवेक्षकाला महिन्यातून काही रात्री थांबावे लागेल, याला पर्याय नाही.

संस्थेने बोलावलेले प्रशिक्षण हे कामाचेच तास समजून त्याचा मोबदला द्यावा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये जादा कामासाठी दुप्पट दराने वेतनाची तरतूद आहे. ‘तुमच्याच भल्यासाठी आहे’ असे सांगून सुट्टीच्या दिवशी फुकट बोलावल्यास पुढच्या वेळी निम्मी माणसे आजारी पडतात.

८. ‘वीस वर्षे हेच करतेय, मला काय शिकवता?’ असे म्हणणाऱ्या मावशींचे काय करावे?

त्यांना वर्गात बसवू नये, शिकवायला लावावे. एखादे काम त्या कशा करतात, ते इतरांसमोर दाखवायला सांगावे आणि करताना ‘हे असे का?’ एवढेच विचारत जावे. कारण सांगताना योग्य सवय पक्की होते आणि चुकीची सवय त्यांच्या स्वतःच्याच लक्षात येते. लेखी प्रमाणपत्र नसलेल्या अनुभवी कर्मचाऱ्यांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय ठेवण्यात आली होती. कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचा हा मार्ग आपल्या जिल्ह्यात सध्या उपलब्ध आहे का, याची चौकशी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात करावी. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या हाती पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र येते, तेव्हा तिचा शिकण्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन पुष्कळ बदलतो.

९. आमचा वृद्धाश्रम लहान आहे, कर्मचारी सहाच. प्रशिक्षक परवडत नाही.

वेगळा प्रशिक्षक लागतही नाही. एका परिचारिकेला महिन्यातून चार तास फक्त याच कामासाठी मोकळे करावे. जवळपासच्या तीन-चार संस्थांनी मिळून फिजिओथेरपिस्टला बोलावून उचलण्या-बसवण्याचे आणि एखाद्या परिचर्या महाविद्यालयाच्या शिक्षिकेला बोलावून जखमांच्या काळजीचे सत्र घ्यावे. अशा महाविद्यालयांना विद्यार्थ्यांच्या समाजानुभवासाठी जागा हवीच असते.

१०. खर्चासाठी बाहेरून मदत मिळते का?

कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत वृद्धाश्रमांची उभारणी आणि रोजगारक्षम कौशल्यांचे शिक्षण हे दोन्ही विषय आहेत, त्यामुळे कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे अर्ज करता येतो. ‘कर्मचारी विकास’ असे मोघम न लिहिता एक सरावाची खाट, एक बाहुला, अमुक जणांचे जीडीए प्रमाणपत्र, असे नेमके मागितल्यास मिळण्याची शक्यता अधिक असते. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसे असल्यास ते ऐच्छिक आहे. मात्र शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातली मावशी नव्हे. त्यांना शिकवायला माणूस नसेल, तर घेऊच नयेत.

११. व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ पाठवले तर पुरेसे आहे का?

आठवण करून देण्यासाठी पुरेसे, शिकवण्यासाठी नाही. छातीदाब, म्हणजे सीपीआर, याचे उदाहरण घ्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि प्रौढ व्यक्तीची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतका दाब द्यायचा असतो. हे वाचून किंवा पाहून कळते, पण तेवढा दाब म्हणजे किती जोर, हे बाहुल्यावर हात टेकल्याशिवाय समजत नाही, आणि दोन मिनिटांत दम लागतो हेही तेव्हाच कळते.

व्हिडिओ बनवताना रहिवाशांचे चित्रण करू नये. जखम दाखवण्यासाठी आजींचा फोटो ग्रुपवर टाकणे सर्रास चालते. तो फोटो दहा मोबाइलमध्ये जाऊन बसतो आणि आजींना त्याचा पत्ताही नसतो. शिकवण्यासाठी छापील चित्रे वापरावीत किंवा कर्मचाऱ्यांनीच रुग्ण व्हावे.

१२. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या रहिवाशांसाठी वेगळे प्रशिक्षण लागते का?

लागते, आणि ते एका व्याख्यानात संपत नाही. सायंकाळ झाली की ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराशी उभ्या राहणाऱ्या आजींना ‘हेच तुमचं घर’ असे दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. त्यामागे लघवी लागली असेल, भूक असेल, कोठेतरी दुखत असेल किंवा अंधाराची भीती असेल. वाद न घालता हे एकेक तपासत जाणे, हीच शिकवण्याची गोष्ट आहे. ती शिकवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कालच घडलेला प्रसंग हँडओव्हरच्या वेळी पाच मिनिटे बोलून पाहणे : कोणी काय केले, त्याने काय झाले, दुसरे काय करता आले असते.

प्रत्येक रहिवाशाची पूर्वायुष्याची एक पानी माहिती कर्मचाऱ्यांना पाठ असावी. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या मुख्याध्यापिका ‘आजी’ म्हटल्यावर ओ देत नाहीत, पण ‘बाई’ म्हटले की वळून पाहतात आणि आंघोळीलाही तयार होतात. खाटेला बांधून ठेवणे हा उपाय नव्हे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

एक अपवाद आवर्जून शिकवावा. कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती आज अचानक भ्रमात बोलू लागली किंवा एकाएकी गुंगीत गेली, तर तो ‘डिमेन्शिया वाढला’ असा प्रकार समजू नये. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा साखर उतरणे ही कारणे असू शकतात. परिचारिकेला आणि डॉक्टरांना त्याच पाळीत कळवले पाहिजे.

१३. शिकवले की माणसे मोठ्या रुग्णालयात निघून जातात. बाँड लिहून घ्यावा का?

बाँड सरसकट बेकायदेशीर नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची अट आणि ती मोडल्यास द्यायची रक्कम वैध ठरवली. तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार मिळते ती वाजवी भरपाई. संस्थेने प्रत्यक्ष काही खर्च केला असेल, उदाहरणार्थ बाहेरच्या प्रमाणपत्राचे शुल्क भरले असेल, तर तेवढ्यापुरता करार समजण्यासारखा आहे. रोजच्या ड्युटीत शिकवलेल्या गोष्टींसाठी बाँड घेणे आणि मूळ गुणपत्रिका किंवा आधार कार्ड कपाटात अडकवून ठेवणे हे मात्र करू नये.

माणसे पगारासाठी जातात, तशी रात्री एकटे टाकले जाण्याला, अपमानाला आणि पुढे काहीच वाट नसण्याला कंटाळूनही जातात. यांतला शेवटचा मुद्दा प्रश्न १८ मध्ये घेतला आहे.

१४. काळजीवाहक पुरवणाऱ्या ब्युरोकडून दोन दिवसांसाठी बदली माणूस येतो. त्याला शिकवण्याची जबाबदारी कोणाची?

ब्युरोशी असलेल्या करारात काहीही लिहिलेले असो, खाटेपाशी काही घडले तर रहिवाशी तुमचा असतो. आलेल्या व्यक्तीला पाळीच्या आधी अर्धा तास द्यावा आणि कोणाला पातळ अन्न, कोण पडण्याच्या धोक्यातले, कोणाला उचलण्यास दोन माणसे, एवढे एका कागदावर लिहून हाती ठेवावे. भरवणे आणि उचलणे ही दोन कामे त्याच्याकडून एकदा समोर करून घेतल्याशिवाय त्याला एकट्याने देऊ नयेत. प्रश्न ५ मधील २०१३ चा कायदा कंत्राटदारामार्फत आलेल्या व्यक्तीलाही कर्मचारीच मानतो.

१५. चूक झाली की आम्ही ‘पुन्हा प्रशिक्षणाला’ पाठवतो. हे योग्य आहे का?

चूक न कळल्यामुळे झाली असेल, तरच योग्य. येत असूनही वेळ नव्हता, हातमोजे संपले होते, दोघींचे काम एकीने केले, अशी कारणे असतील, तर तो प्रश्न प्रशिक्षणाचा नाही, व्यवस्थेचा आहे. शिक्षा म्हणून प्रशिक्षणाला पाठवण्याची पद्धत रूढ झाली की वर्गात बसलेल्या प्रत्येकाकडे इतर संशयाने पाहू लागतात.

सुई टोचण्याचा प्रसंग तर लपवला जाता कामा नये. जागा दाबून रक्त न काढता साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, लगेच सांगावे आणि रुग्णालय गाठावे; एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ‘ओरडतील’ या भीतीने दोन दिवस गप्प बसलेल्या मुलीचे नुकसान भरून काढता येत नाही.

१६. आमच्या आईला तिथल्या अनुभवी मावशीच इन्सुलिन देतात आणि छान देतात. मग त्यांना अधिकृतपणे शिकवून का टाकत नाहीत?

कारण सुई टोचता येणे हा त्या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. आज जेवण कमी झाले तर मात्रा तीच ठेवायची का, साखर उतरल्याची लक्षणे कोणती, दोन प्रकारच्या इन्सुलिनमध्ये गल्लत झाली तर काय करायचे, या निर्णयांसाठी परिचर्येचे शिक्षण लागते. जीडीएच्या कामात इंजेक्शन देणे येत नाही. काही बिघडल्यास मावशींच्या पाठीशी कोणतीही नोंदणी नसते आणि सारा ठपका सर्वांत कमी पगाराच्या माणसावर येतो.

दोन अपवाद समजून घ्यावेत. आई स्वतः इन्सुलिन घेऊ शकत असतील, तर पेन आणून देणे, चष्मा देणे, आठवण करणे हे मावशी करू शकतात. राइल्स ट्यूबच्या बाबतीत, नळी घालणे आणि ती जागेवर असल्याची खात्री करणे परिचारिकेचे. त्यानंतर डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवून हळूहळू अन्न देणे आणि पुढे किमान अर्धा तास तसेच बसवून ठेवणे हे प्रशिक्षित काळजीवाहकाला सोपवता येते. खोकला आला किंवा श्वास लागला की लगेच थांबायचे, ही त्या प्रशिक्षणातील सर्वांत महत्त्वाची ओळ आहे.

१७. एक आजोबा आंघोळ घालताना मुद्दाम नको तिथे हात लावतात. ‘म्हातारे आहेत, सोडून द्या’ असे सांगितले जाते. याचे प्रशिक्षण असते का?

असावे, आणि त्याची सुरुवात ‘सोडून द्या’ हे वाक्य बंद करण्यापासून व्हावी. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील (प्रश्न ५) कलम १९ नुसार त्रास देणारा कर्मचारी नसला, तरीही पीडित महिलेची इच्छा असल्यास कारवाई सुरू करण्याची जबाबदारी मालकावर आहे. रहिवाशी पैसे देतात म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

डिमेन्शियामुळे भान हरपलेल्या व्यक्तीचे वागणे वेगळ्या पद्धतीने हाताळावे लागते. तेथे शिक्षेचा उपयोग नसतो, डॉक्टरांचा सल्ला लागतो. पण मावशींना होणारा त्रास दोन्ही प्रकारांत तितकाच खरा असतो. त्यामुळे आंघोळीला मामांना पाठवणे, दोघांनी मिळून जाणे, आजोबांच्या हातात टॉवेल किंवा साबण देऊन हात गुंतवणे, स्पष्ट आवाजात ‘हे चालणार नाही’ असे म्हणून बाजूला होणे आणि प्रसंगाची नोंद करणे, हे सर्व भूमिका घेऊन करून पाहावे. बाजूला झाल्याबद्दल कोणी जाब विचारणार नाही, हे चालकांनी सर्वांसमोर सांगितले पाहिजे. त्याशिवाय कोणी बाजूला होत नाही.

१८. मी बारावी नाही, वय ३८ आहे. इथे काम करता करता मला सिस्टर होता येईल का?

सध्याच्या नियमांत हे अवघड आहे, आणि ते स्पष्ट सांगणेच योग्य. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार एएनएमसाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते आणि वयाची कमाल मर्यादा ३५ आहे. ‘आमच्याकडे दोन वर्षे काम करा, मग सिस्टरचे सर्टिफिकेट मिळेल’ असे कोणी सांगत असेल, तर ते महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीला पात्र ठरवणारे नसते, आणि त्यासाठी पैसे भरू नयेत.

वय ३५ च्या आत असलेल्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावी करता येते. त्यांना परीक्षेच्या काळात पाळी बदलून देणे, ही संस्थेने करण्याजोगी सर्वांत स्वस्त मदत आहे. तुमच्यासारख्यांकरिता जीडीए प्रमाणपत्र घेणे आणि त्यापुढे संस्थेतच पायऱ्या असणे, हा मार्ग उरतो : नव्यांना शिकवणारी मावशी, मग पाळीप्रमुख, मग पर्यवेक्षकाची सहायक. प्रत्येक पायरीचे काम आणि त्याचा वाढीव पगार नेमणूकपत्रात लिहून मागावा. केवळ बिल्ला बदलून पगार तोच ठेवणारी बढती नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.